क्युअर की लिंकिन पार्क?

दोन्ही रॉक बँडचे अल्बम २०२४ च्या नोव्हेंबरमधले, पण स्वभाव एकदम उलटा. क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १६ वर्षांनी आला, गाणी फक्त आठ आणि पहिल्याच 'अलोन'मध्ये तीन मिनिटं नुसती वाद्यंच चालूयत, मला वाटलं हा बाबा गाणारच नाही बहुतेक, आणि मग गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज आला ना, काटाच आला अंगावर. लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झिरो' जेमतेम अर्ध्या तासात खल्लास! नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग 'हेवी इज द क्राउन'मध्ये किंचाळते ते भारीच (बँडचा आधीचा, आता हयात नसलेला गायक चेस्टरशी तुलना नका करू राव), पण काही गाणी जुन्याच साच्यातली वाटली. जिममध्ये लिंकिन पार्क, रात्री हेडफोन लावून क्युअरच, आणि पुन्हा पुन्हा ऐकतोय तो क्युअरच.