आठ महिने सिक्युरिटी की वापरल्यावर

नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे, रिटर्न भरण्याचं आणि जीएसटीचं. अशिलांची पॅन कार्डं, आधार, बँक स्टेटमेंटं सगळी माझ्या मेलवर येतात. ओळखीतल्या एकाचा नंबर कुणीतरी परस्पर नव्या सिमवर सुरू करून घेतला आणि त्याचे ओटीपी तिकडे जाऊ लागले. ते ऐकलं त्याच आठवड्यात मी मेलच्या लॉगिनसाठी दोन सिक्युरिटी की मागवल्या, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीऐवजी लावायची छोटी वस्तू.

दिसायला पेनड्राइव्ह. पासवर्ड टाकायचा, की यूएसबीत लावायची, पिन द्यायचा, बोट टेकवायचं. गुप्त किल्ली तिच्या आतच राहते. साइटकडे असते ती फक्त त्या किल्लीची सार्वजनिक जोड-किल्ली, जी केवळ पडताळणीला उपयोगी; ती चोरून कुणाला माझ्या नावाने आत शिरता येत नाही.

तिची खरी किंमत जुलैत कळली. रिटर्नची घाई, रात्रीचे साडेदहा, ‘तुमचं खातं बंद होणार’ असा मेल. लिंक उघडली, पान हुबेहूब होतं, मी पासवर्ड टाकूनही मोकळी झाले. की लावली, तर तिचा दिवाच लागेना. वर पत्ता पाहिला तेव्हा एक अक्षर जास्तीचं दिसलं. की ज्या पत्त्यावर नोंदवली असेल, त्याच पत्त्यासाठी चालते, आणि पत्ता कोणता ते तिला ब्राउझर सांगतो. माझे डोळे फसले, ब्राउझर फसला नाही. लॉगिनचे कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधला 6 अंकी कोड 30 सेकंदांनी बदलतो खरा, पण तो मीच तिथे टाइप केला असता आणि पलीकडच्याने तेवढ्यात वापरलाही असता. पासवर्ड लगेच बदलला. खात्यातून एसएमएसचा पर्याय मी आधीच काढला होता, तेही फार महत्त्वाचं. तो ठेवला तर चोर कीच्या वाटेला जातच नाही, एसएमएसचा कोड मागतो.

त्रासही आहे. फोनवर लॉगिन करताना की फोनच्या पाठीला टेकवायची असते, पण जाड कव्हर असलं तर ते चालत नाही. एकदा ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं होतं आणि दोन्ही की घरी, कासारवडवलीला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जाऊन-येऊन अख्खी सकाळ गेली. तेव्हापासून एक ऑफिसच्या कपाटात असते. पिन लागोपाठ 8 वेळा चुकला तर की रीसेट करावी लागते आणि आतल्या नोंदी जातात, म्हणूनही दुसरी हवीच.

माझ्या बँकेत मात्र ही चालत नाही, तिथे अजून एसएमएसच. त्यामुळे फोनची रेंज विनाकारण गेली की मी आधी दुसऱ्या फोनवरून सिम कंपनीला विचारते. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलाय.