येझदी की आरएक्स?

जुनी मोटारसायकल घ्यायची म्हणून सोलापुरात दोन पाहिल्या: सात रस्त्याजवळ येझदी रोडकिंग, होटगी रोडला यामाहा आरएक्स १००. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलेलं, त्यामुळे मालकांचा तोरा सारखाच.

आरएक्स ९८ सीसीची, हलकी, कुठलाही जुना मिस्त्री डोळे मिटून उघडेल. पण मागणी जास्त म्हणून वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जुळवून केलेल्या गाड्याही फार. सांगाड्यावर कोरलेल्या चासी नंबरवरून बोट फिरवलं, तर एका आकड्याभोवती घासल्याच्या खुणा, म्हणजे नंबर बदलल्याचा संशय. विषय तिथेच संपला. रंग मात्र काय चकाकत होता!

येझदी २५० सीसी. किक आणि गिअरचा दांडा एकच, तो हलवून पाहिला, ढिला. मालकांनी इंजिन आधीच तापवून ठेवलेलं, तापलेलं इंजिन सहज सुरू होतं, खोड कळत नाही.

"काका, चहा घेऊ. गार होऊ द्या."

गार इंजिन तिसऱ्या किकला उठलं, पण पांढरा धूर थांबेना. बहुधा क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) ऑइल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातंय. म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं आलं. आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदतही संपलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते.

मागणी ८५ हजार. इंजिन, टायर, कागद यांचे २५ वजा करून मी ६० म्हटलं.

"अहो, आवाज तर ऐका!"

आवाजाचे दोन वाढवले. सध्या ६२ वर अडलंय.