स्टीम बॉयलरचं पाणी आणि ते समजणारा प्लंबर – ५ पैकी ५

न्यू जर्सीत ज्यांची घरं जुनी आहेत आणि अजून बिडाच्या रेडिएटर्सवर, म्हणजे बॉयलरच्या वाफेने (स्टीमने) खोल्या गरम करण्यावर, चालतात त्यांच्यासाठी लिहितोय, कारण स्टीम कळणारा माणूस इथे सहज मिळत नाही, बहुतेक सगळे हॉट एअर आणि एसीवाले.

आमचा बॉयलर सुरू झाला की बाहेरच्या लेव्हल दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी जाम वरखाली उड्या मारायचं, मग दिसेनासंच व्हायचं, लो वॉटर कटऑफ (पाणी कमी झालं की चालणारा सेफ्टी स्विच) बर्नर बंद करायचा आणि वरच्या मजल्यावर रेडिएटर अर्धे गार. आधी एका कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याने उभ्या उभ्या सांगितलं ऑटोमॅटिक फीडर लावा, म्हणजे पाणी कमी झालं की आपोआप भरणारं यंत्र.

या प्लंबरने आल्या आल्या काचेवर पाण्याच्या लेव्हलला टेपचा तुकडा चिकटवला, बर्नर चालवला, बंद झाल्यावर नुसता बघत बसला. हळूहळू पाणी परत टेपपर्यंत आलं. म्हणजे पाणी कुठे गळत नव्हतं, उशिरा परत येत होतं! अशात फीडर असता तर त्याने मधेच नवीन पाणी ओतलं असतं आणि वरचं खाली आल्यावर बॉयलर तुडुंब भरला असता. शिवाय प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन जातो, तो बीड आतून खातो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग प्रेशरट्रोलखालची (प्रेशर बघून बर्नर चालू-बंद करणारा कंट्रोल) वळणाची नळी, पिगटेल म्हणतात तिला, काढून दाखवली, काळ्या गाळाने गच्च. त्यामुळे प्रेशर चढतंय हे कंट्रोलला कळतच नव्हतं, आणि दर १ पौंड प्रेशरला रिटर्न पाइपमधलं (वाफेचं पाणी बॉयलरकडे परत आणणारा पाइप) पाणी २८ इंचांपर्यंत वर तुंबून राहू शकतं, ते बॉयलरमध्ये येणार कसं? नळी साफ करून कट-इन (बर्नर परत सुरू होतो ते प्रेशर) अर्ध्या पौंडावर आणि डिफरन्शियल (त्यावर आणखी किती चढलं की बंद होतो) १ वर ठेवलं.

उड्या मारण्याचं कारण मात्र वेगळं, पाण्यावरचा तेलाचा तवंग. त्यासाठी स्किमिंग केलं, म्हणजे बॉयलर कोमट ठेवून, उकळू न देता, पाणी भरायचा नळ अगदी बारीक सोडायचा आणि वरच्या पोर्टमधून पेन्सिलीएवढी धार बादलीत पडू द्यायची. घाई केली की तेल खालीच राहतं म्हणून तो दुपारभर तिथेच होता, एकदाही नळ मोठा केला नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

जाताना सांगून गेला की पाणी खाली जाऊन परत आलंच नाही तर मात्र गळती शोधायची, आधी व्हेंट (रेडिएटर-पाइपांमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) फुसफुसतात का ते, मग जमिनीलगतचा रिटर्न, आणि चिमणीतून नेहमीपेक्षा जास्त पांढरी वाफ दिसली तर बॉयलरलाच भोक असू शकतं.

तासावर पैसे घेतो, स्वस्त नाही. थंडी पडली की त्याची तारीख मिळत नाही, सप्टेंबरमध्येच फोन करा.