०२१४ : अण्णांच्या टेम्पोचा ‘राम’ माझ्या गाडीवर

अण्णांच्या टेम्पोचा नंबर २१४ होता. मागून घेतलेला नव्हे, मालिकेत पुढे जो आला तो. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून अण्णा वाशीला जायचे. टेम्पो नवा आला तेव्हा पाटी रंगवायला आलेला पेंटर नंबर बघून म्हणाला, “अण्णा, तुमच्या नंबरात देवच बसलाय की!” पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात त्यानं इंग्रजी दोनाला खाली शेपूट जोडलं, तो झाला ‘र’. एकाचा काना झाला, उघड्या डोक्याच्या चाराला डावीकडे गाठ मारली, तो ‘म’. वर आडवी रेघ ओढली. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गल्लीत त्या टेम्पोला कुणी टेम्पो म्हटलं नाही, ‘राम आला’ असंच म्हणायचे.

म्हणून गेल्या वर्षी स्वतःच्या पैशांनी पहिली चारचाकी घेताना मी नंबर आधी ठरवला आणि रंग नंतर. आरटीओची पसंतीच्या क्रमांकाची सोय आणि गाडीला लागून येणारी एचएसआरपी, म्हणजे सहज काढता किंवा बदलता न येणारी सुरक्षित नंबरपाटी, या दोन्हींबद्दल मला सांगायचंय.

आधी सोय. आपल्याकडे अक्षरं निवडता येत नाहीत, मालिका चालू असेल ती घ्यावी लागते. निवड फक्त चार आकड्यांची. गाडी विकणाऱ्यानं मला सांगितलं की हे काम आम्हीच करून देतो, वरचे थोडे द्या. मी दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नका. गाडीची नोंदणी होण्याआधी अर्ज, आधारची प्रत आणि शुल्काचा डीडी घेऊन मी स्वतः खिडकीवर गेले. खिडकीवरच्या बाईंनी चालू मालिकेत ०२१४ शिल्लक आहे का ते बघितलं, आणि “रामाचा ना?” असं हसून विचारलं. त्यांना न सांगता कळलं याचा मला फार आनंद झाला. दुसरा कुणी अर्जदार असता तर दोघांनी बंद पाकिटातून बोली लावायची, जास्त रक्कम त्याचा नंबर. माझ्यासमोर कुणी नव्हतं.

शुल्क मागणीप्रमाणे चढतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दर वाढले तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ ला ६ लाख झाले. चालू मालिकेत नंबर गेलेला असेल आणि दुसऱ्या मालिकेतून हवा असेल तर तिप्पट, म्हणजे १८ लाख. एवढ्या पैशात आमच्याकडे दुसरा टेम्पो उभा राहील. पण त्याच वेळी एक फार चांगला बदल झाला : पसंतीचा नंबर आता नवरा-बायको, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावावर करता येतो. पूर्वी येत नव्हता. मला नंबर घ्यावासा वाटला त्यात या कलमाचा मोठा वाटा आहे.

आता पाटी. अॅल्युमिनियमची आहे, डावीकडे निळ्यात आयएनडी, वर अशोकचक्राचा चमकता होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला बारीक क्रमांक. एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकनं ठोकलेली, काढायची तर लॉक तोडावंच लागतं. गेल्या पावसाळ्यात कऱ्हाडच्या पुढे चिखलानं माखली होती. ओलं फडकं फिरवलं, पुन्हा कोरी. रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की आकडे लांबून उठून दिसतात. पेंटरच्या पाटीला हे कधी जमलं नसतं.

उणीव एकच. पुढे शून्य लागतं. २१४ म्हणजे राम, पण ०२१४ मध्ये रामाच्या आधी एक भोक येतं. शिवाय ठशातला चार बंद डोक्याचा आहे, त्यात ‘म’ बघायला डोळ्यांना थोडी मदत करावी लागते. ज्यांना माहीत आहे त्यांना दिसतो, बाकीच्यांना नुसता नंबर. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या शून्याचा कापला.

कुणी म्हणेल, रेडियमवाल्याकडून हवी तशी करून घ्यायची होती. नाही. मला ४१४१ चा ‘दादा’, ८०५५ चा ‘बॉस’, ४९१२ चा ‘पवार’ बघायला आजही आवडतात, सिग्नलला उभी असताना मी ते शोधत असते. पण आमच्या शेजारच्या काकूंना एका मोटरसायकलनं उडवलं तेव्हा बघणाऱ्या चौघांनी एकच सांगितलं : “मागे दादा लिहिलं होतं.” जिल्हा कुठला, मालिका कुठली, कुणालाच वाचता आली नव्हती. ती अक्षरं मुंगीएवढी होती. असे दादा जिल्ह्यात किती फिरतात! काकूंचा खुबा मोडला, गाडी मिळालीच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंग्रजी अक्षरं, साधे आकडे, त्यांची उंची आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली आहे. चारचाकीला ६५ मिलिमीटर उंची. हे का लिहिलंय ते मला त्या दिवशी समजलं. माझ्या भावानंही मग त्याच्या जुन्या मोटरसायकलची वळणदार पाटी उतरवली आणि साडेचारशे रुपये अधिक जीएसटी भरून एचएसआरपी बसवली.

नंबर गमतीचा असू द्या, प्रेमाचा असू द्या, पण आकडे आकड्यांसारखेच दिसू द्या. आकडे निवडायची वाट सरकारनं उघडी ठेवली आहे, ती पुरेशी आहे.

गाडी घरी आणली तेव्हा अण्णा काठी टेकत मागच्या बाजूला गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि काचेवरच्या धुळीत बोटानं २१४ काढला. दोनाला शेपूट, चाराला गाठ. “वरची रेघ तू ओढ,” तिला म्हणाले.