आधी आराखडा की आधी पानं? पहिली कादंबरी लिहायला बसणाऱ्यांसाठी

गेल्या चवथीला आरत्या आटोपल्यावर माझी भाची ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मावशी, कादंबरी लिहायचीय गं, वर्षभर डोक्यात घोळतेय, पण आधी सगळं आखून घेऊ की सरळ लिहायला बसू? आत पंगत बसायची होती, म्हणून "बस आणि लिही" एवढंच म्हणून मी उठले. ते उत्तर मला नंतर फार लागलं, कारण माझ्या पहिल्या कादंबरीला मी तसं केलं असतं तर ती कधी पुरीच झाली नसती. म्हणून आता सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारखं हो-ना करत बसलेल्या सगळ्यांसाठी.

मी फोंड्याला राहते, पणजीत बँकेत नोकरी करते, दोन कादंबऱ्या छापून आल्यात आणि तिसरी चालू आहे. पहिली पूर्ण आखून लिहिली, दुसरी एक ओळही न आखता, त्यामुळे दोन्ही रस्ते पायाखालून गेलेत.

आखून लिहिणं

पहिलीचा विषय डिचोली-साखळीकडच्या खाणपट्ट्यातला होता, खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतलेलं एक घर. इथे आखणीशिवाय इलाज नव्हता कारण तारखा माझ्या हातात नव्हत्या. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने, मग एप्रिल 2014 मध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2015 उजाडलं आणि मार्च 2018 मध्ये परत सगळं ठप्प. ट्रकचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो, त्याला कोर्टाचं काही नाही, त्यामुळे कुठल्या महिन्यात या घरात किती पैसे शिल्लक आहेत हे मला माहीत नसतं तर त्या नवरा-बायकोचं साधं भांडणही खोटं वाटलं असतं.

मी दोन चार्ट पेपर एकाला एक चिकटवून भिंतीवर लावले. वर आडवी वर्षं, डाव्या बाजूला माणसांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात त्या वर्षीचं त्या माणसाचं वय आणि पेन्सिलीने एकच गोष्ट. मुलगी दहावीला. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ट्रकच्या टायरखाली गवत उगवलं. हा शेवटचा चौकोन भरला तेव्हा मला कादंबरी सापडली असं आजही वाटतं, आणि तोवर मी कादंबरीचं एक वाक्यसुद्धा लिहिलं नव्हतं.

हिशोब सांगायचा तर पाच महिने आखणी, नऊ महिने पहिला ड्राफ्ट, आठ महिने दुरुस्ती. नोकरीवाल्या माणसाला आखणीचा मोठा आधार असतो तो असा की पहाटे तासभर मिळतो, त्यातली पंधरा मिनिटं "आज काय लिहू" यात गेली तर उरतं काय, आणि भिंतीवर चौकोन असला की उठून थेट त्या चौकोनात जाऊन बसता येतं. एखादा आठवडा लिहिणं सुटलं, घरात आजारपण आलं, तरी धागा भिंतीवर शाबूत असतो.

आता गमावलं काय ते. अकराव्या प्रकरणात आखणीप्रमाणे बायको मुलीला घेऊन माहेरी जायची होती. मी ते प्रकरण चार वेळा लिहिलं. बॅग भरली, दारात रिक्षा आणली, सासू तुळशीपाशी उभी केली, सगळं केलं, पण ती बाई जाईना. पाचव्या वेळी तिच्या तोंडून आलं, "हांव वचना." मी जाणार नाही. आणि मी काय केलं, तर तो संवाद खोडला आणि तिला पाठवलं, कारण बाराव्या, तेराव्या, चौदाव्या प्रकरणाची आखणी तिच्या जाण्यावर उभी होती. पुस्तक आल्यावर ज्या वाचकांनी मनापासून वाचलं त्यातल्या तिघांनी मला वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारलं, की ती का गेली हो? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आखणीत हा धोका असतोच, पाच महिने खपून केलेली गोष्ट फाडवत नाही.

न आखता लिहिणं

दुसरीच्या वेळी म्हणूनच मी भिंत मोकळी ठेवली. माझ्याकडे फक्त एक आवाज होता, कुळागरातल्या जुन्या घरात एकटी राहणारी ऐंशीच्या पुढची बाई, पोफळी मोजत बोलणारी. ती काय बोलेल मला माहीत नसायचं, मी पहाटे बसायचे आणि ती सुरू व्हायची. सात महिन्यांत 340 हस्तलिखित पानं झाली. ते सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे लिहिण्याचे महिने, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये, बसमध्ये कोणी बोलायला आलं की मला राग यायचा कारण डोक्यात ती बोलत असायची.

मग वाचायला घेतलं. पहिल्या साठ पानांत तिचा दीर वारतो आणि पुढे दीडशेव्या पानावर तोच दीर चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला शिडीवर चढलेला. घराला कधी दोन जिने, कधी एक. हे तरी सुधारता येतं, खरा प्रश्न असा होता की मधली शंभरेक पानं ती बाई नुसती बोलत होती, पुढे काहीच सरकत नव्हतं. 340 तली 130 पानं राहिली. बाकीची गेली, आणि त्या 130 पासून पुस्तक उभं करायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे पहिल्या पुस्तकाला सगळे मिळून बावीस महिने आणि या "मोकळ्या" पुस्तकाला एकतीस. न आखता लिहिणं पटकन होतं अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आखणीचं काम टळत नाही, मागून येतं आणि तेव्हा ते जास्त जड असतं.

पण त्या बाईबद्दल मला कुठल्याही वाचकाने "ती असं का वागली" असं विचारलेलं नाही. एकदाही नाही. हे एका पारड्यात टाकलं तर दुसऱ्या पारड्यात नऊ जास्तीचे महिने मला चालतात.

मोठ्यांची उदाहरणं पाहिली तरी निकाल लागत नाही. जॉन आयर्विंग शेवटचं वाक्य हातात आल्याशिवाय सुरुवात करत नाहीत, स्टीफन किंग कथानक आधी ठरवण्याच्या विरोधात आहेत, नाबोकोव्ह कार्डांवर लिहायचे आणि कुठलाही प्रसंग आधी लिहून मग कार्डं क्रमाने लावायचे. तिघांचीही पुस्तकं लोक वाचतात. त्यामुळे "खरे लेखक असं करतात" असं कोणी ठणकावून सांगायला लागलं तर तिथून उठावं.

मग ठरवायचं कशावर

स्वभावावर ठरवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मी टापटिपीची म्हणून आखणार, मी मनस्वी म्हणून नाही आखणार, असं लोक म्हणतात, पण मी तीच बाई आहे आणि दोन पुस्तकांना दोन पद्धती लागल्या. मी आता स्वतःला एवढंच विचारते की मला यातलं काय माहीत नाही. माणूस पक्का माहीत आहे पण त्याच्या बाबतीत काय काय घडतं ते धूसर आहे, किंवा काळ खरा आहे, बाहेरच्या तारखा आहेत, तीन पिढ्या आहेत, तर आखा. घटना माहीत आहेत पण माणूस अजून दुरून दिसतोय, त्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर आखणी करू नका, कारण न ओळखलेल्या माणसाला तुम्ही चौकोनात बसवाल आणि तो अकराव्या प्रकरणात अडून बसेल.

तिसरीला मी असं केलंय की पहिली पन्नास पानं काहीही न ठरवता लिहिली, मग थांबले, दोन आठवडे वहीला हात लावला नाही, आणि मग जे कागदावर आलंय त्यावरून चार्ट केला. पण चार्टवर पुढची पाचच प्रकरणं, त्यापुढे कोरं. पाच संपली की पुढची पाच. अजून तरी कोणी अडून बसलेलं नाही, आणि कोणी मेलेला परत शिडीवर चढलेला नाही. ज्यांना आपलं काय ते अजिबात कळत नाहीये त्यांनी याने सुरुवात करावी असं मी म्हणेन, फार फार तर पन्नास पानं वाया जातील.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या लेखकाला लागू होत नाही. आपण कादंबरी मराठीत लिहितो पण आपली माणसं घरात कोंकणीत बोलतात. पहिल्या पुस्तकात मी संवाद थेट मराठीत लिहिले, आणि आता वाटतं की निम्मी चूक तिथेच झाली. "हांव वचना" या दोन शब्दांत जे दार लागतं ते "मी जाणार नाही" मध्ये लागत नाही, तिथे समजावण्याची जागा उरते. मी ते मराठीत ऐकलं असतं तर तिला पाठवणं सोपंच होतं, कोंकणीत ऐकलं म्हणून निदान खोडताना हात अडखळला. आता पहिल्या ड्राफ्टमध्ये संवाद जसे कानावर येतात तसेच कोंकणीत ठेवते, किती ठेवायचे आणि किती मराठी करायचे ते दुसऱ्या ड्राफ्टला बघते. आखणारे असा की न आखणारे, हे करून बघाच.

वही की लॅपटॉप

मी पहिला ड्राफ्ट हाताने लिहिते. कारण साधं आहे, लॅपटॉपवर मी मागे जाऊन कालचं वाक्य दुरुस्त करत बसते आणि वहीत पुढेच जावं लागतं. पण गोव्यातल्या पावसात वही सांभाळणं सोपं नाही, जुलैमध्ये कागद सादळतो, शाईचं पेन फुटतं, दुसरीच्या एका वहीवर तर कडेने हिरवट बुरशी चढली आणि चार पानं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून पावसात बॉलपेन, आणि वह्या पत्र्याच्या ट्रंकेत, आणि महिना संपला की प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो.

लॅपटॉपवाल्यांना वीज गेली की बॅटरी बघावी लागते, पण कॉपी सुरक्षित राहते आणि शोधणं सोपं, दिराचं नाव सर्च केलं असतं तर मला तो शिडीवर लगेच सापडला असता. टाईप करणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या फॉन्टमध्ये जुळणी होते, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे प्रूफं स्वतः डोळ्यात तेल घालून वाचा. बोलून टाईप करणं हल्ली मराठीत बरं चालतं, पण विरामचिन्हं बऱ्याचदा नंतर घालावी लागतात आणि कोंकणी संवाद आला की त्याचं भलतंच मराठी होतं. मी ते फक्त फोंडा-पणजी बसमधून उतरल्यावर, डोक्यातली एखादी ओळ पळून जाऊ नये म्हणून वापरते.

नोकरी सोडून की सांभाळून

यावर मी फार वेळ घेणार नाही. समजा पुस्तकाची किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, आणि वर्षात 500 प्रती गेल्या, तर हातात येतात 15 हजार, वर्षाला. कोंकणी लेखक दामोदर मावजोंनी माजोर्ड्याला दुकान सांभाळत लिहिलं आणि त्यांना ज्ञानपीठ मिळालं. इंग्रज कादंबरीकार ट्रोलप पोस्टात नोकरीला होता, पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून पाव तासाला 250 शब्द असं लिहायचा. मला पाव तासाला साठ-सत्तर जमतात, दिवसाला तासभर धरला तर 250, म्हणजे 70 हजार शब्दांच्या कादंबरीला 280 दिवस. सुट्टी, आजारपण, चवथ, शिगमो धरून एक वर्ष. नोकरी न सोडता एक वर्षात पहिला ड्राफ्ट होतो, हे मी दोनदा केलंय.

पहाट की रात्र यात मी पहाटेकडे, कारण रात्री मी बँकेतलीच असते. पण ज्यांची पोरं लहान आहेत त्यांची पहाट त्यांची नसते, त्यांनी दुपारची जेवणाची सुट्टी धरावी, अर्धा तास रोज मिळाला तरी बास. घरात अजिबात जमत नसेल तर पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 साली सुरू झालेली, कृष्णदास शामांच्या नावाची, दुसरीची ती दोन वर्षांची दुरुस्ती मी बरीचशी तिथेच शनिवारी बसून केली.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, मावशी, मला घटना सगळ्या माहीत आहेत गं, कादंबरीतली आजीच बोलत नाहीये. मी म्हटलं, मग चार्ट नको, वही घे. येत्या शनिवारी ती डिचोलीहून येतेय, दहा वाजता पाटोला भेटतोय, आणि तिला दाखवायला मी अकराव्या प्रकरणाचे ते चारही ड्राफ्ट आणि खोडलेला पाचवा बरोबर नेणार आहे.