फेंटानिलची पट्टी, आप्पांना ४ महिने लावतोय

४ स्टार. एक कापला, का ते सांगतो. आप्पांना तोंडाचा कॅन्सर, दुखण्यासाठी ट्रामाडॉल झालं, मॉर्फिनच्या गोळ्या झाल्या, मग गिळताच येईना म्हणून डॉक्टरांनी फेंटानिलची, म्हणजे अफूच्या जातीच्या जबर वेदनाशामकाची, तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारी पट्टी दिली. एक पट्टी ७२ तास. दुसऱ्या दिवशी आप्पा उठून बसले आणि म्हणाले "आते बरं वाटस रे भो", आई तर रडलीच.

आता राग कशाचा. आतला कागद बारीक इंग्रजीत, आणि मेडिकलवाल्याने फक्त "तीन दिवसांनी बदला" एवढंच सांगितलं. मी फॉरेन्सिक लॅबमध्ये टॉक्सिकोलॉजीला, म्हणजे विषतपासणीला आहे, मला माहिती होतं, पण दिवसभर घरी आई असते ना. मे महिना, भुसावळचं ऊन, लाईट गेलेली, कूलर बंद, त्यात पाठ दुखते म्हणून आईने गरम पाण्याची पिशवी नेमकी पट्टीवर ठेवली. उष्णतेने औषध कातडीतून भराभर रक्तात उतरतं. संध्याकाळी आलो तर आप्पा हाका मारून उठेनात, श्वास मिनिटाला ७-८, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सदरा काढला तर खांद्यामागे आधीची पट्टी पण तशीच, पारदर्शक असते, दिसतच नाही. दोन्ही काढल्या, दवाखान्यात नालोक्झोन, म्हणजे याचा उतारा दिला आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण कातडीत साठलेलं औषध पट्टी काढल्यावरही कितीतरी तास उतरत राहतं आणि नालोक्झोनचा असर त्याआधीच संपतो.

त्या रात्री बाकावर बसून कामच आठवत होतं. व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे तपासणीला येणारे नमुने) आला की नातेवाईकांना वाटतं आकडा निघाला म्हणजे कारण कळलं, तसं नसतं हो. मेल्यानंतर आजूबाजूच्या अवयवांतून औषध हृदयाच्या रक्तात झिरपतं, आकडा फुगतो, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त लागतं. अफू तपासायच्या साध्या स्ट्रिपवर फेंटानिल दिसतच नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूच्या वजनावरून औषध ओळखणारी तपासणी लागते. आणि महिनोनमहिने पट्टी लावणाऱ्याच्या रक्तात जेवढं सहज सापडतं तेवढ्याने हे औषध पहिल्यांदाच घेणारा माणूस मरू शकतो. म्हणून अंगावर किती पट्ट्या होत्या, कुठे होत्या हे पीएम (पोस्टमॉर्टेम) करताना लिहून ठेवलेलं आम्हाला फार उपयोगी पडतं.

आता आई पट्टी लावली की कॅलेंडरवर गोल करते, जुनी आधी काढते, चिकट बाजू आत दुमडते कारण वापरलेल्या पट्टीत पण बरंच औषध उरतं, लहान पोराच्या हाताला लागायला नको. घ्यायची असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. आणि कोणी शेजारच्या काकांची उरलेली पट्टी गुडघेदुखीला लावताना दिसलं तर हात जोडून थांबवा त्यांना.