गच्चीवरची ३ किलोवॅट सोलर, सांगली: सगळे ऋतू पाहिल्यानंतर

५४० वॅटची सहा पॅनेल, पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा सिंगल फेज ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर, घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं महावितरणचं नेट मीटर आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान. उन्हाळा, पावसाळा, ऊसकारखान्यांचा हंगाम असं सगळं या संचावरून गेलंय. पॅनेल चोख काम करतात. लक्ष द्यावं लागतं ते राखेकडे, केबलकडे आणि मीटरकडे.

फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात दिवसाला १३-१४ युनिट पडतात. मे महिन्यात याहून जास्त मिळतील ही अपेक्षा सोडा. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी ते ६० अंशांच्या पुढे जातं. जुलै-ऑगस्टात झड लागली की ४-५ युनिटही पुष्कळ.

आपल्या भागातला खरा त्रास गाळप हंगामातला. चिमण्यांची काजळी आणि जाळलेल्या पाचटाची राख पॅनेलवर बसते, पहाटेच्या दवात ओली होते आणि ओघळून खालच्या चौकटीला काळी पट्टी धरते. पट्टी बोटभरच असते, पण खालच्या ओळीतले सेल (वीज बनवणारे छोटे तुकडे) झाकले गेले की पॅनेलचा अख्खा खालचा अर्धा भाग सुस्तावतो. आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत, मऊ मॉपने पुसा आणि ती कड आवर्जून घासा. बोअरचं पाणी वापरलंच तर लगेच वायपर फिरवा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग निघता निघत नाहीत. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.

दुसरी अडचण व्होल्टेजची. दुपारी एकाच डीपीवरची, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरची, बरीच घरं वीज बाहेर सोडू लागली की लाइनचा व्होल्टेज चढतो, इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो आणि नेमके भर उन्हातले युनिट वाया जातात. इन्व्हर्टर ते मीटर अंतर २५ मीटर असेल आणि केबल २.५ चौरस मिमीची असेल, तर संच पूर्ण क्षमतेने वीज सोडताना इन्व्हर्टरपाशी जवळजवळ ५ व्होल्ट जादा दिसतात. तीच केबल ६ चौरस मिमीची टाकली की हा फरक दोनवर येतो. तरीही ट्रिप होत असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमधला व्होल्टेजचा आलेख जोडून डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलण्यासाठी लेखी अर्ज द्या. नुसत्या तोंडी तक्रारीने काम हलत नाही.

लाइट गेली की हा संच बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅकअप हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल.

अनुदान देणारं खातं जुनंच आहे. १९८१ मध्ये केंद्राने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग झाला, १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय आणि २००६ पासून नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय. गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी असलेल्या घरांना हे खातं ओळखीचं आहे. आता पैसे थेट बँक खात्यात येतात: पहिल्या २ किलोवॅटना ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी, ती धरतात. पाचच पॅनेल बसवली तर २.७ किलोवॅटचे ७२,६००च मिळतील.

पैशांइतक्याच मोलाच्या आम्हाला त्यामागच्या अटी वाटतात. पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे असावे लागतात आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर असते. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, पॅनेलचे सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहा. डीसी, एसी आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) यांचे अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे आहेत का, तेही समोर उभं राहून बघा. इथेच सगळ्यात जास्त काटकसर होते.

कृष्णाकाठच्या गल्ल्यांत इन्व्हर्टर आणि डीबी (स्विच-फ्यूजची पेटी) तळमजल्यावर लावूच नका. २०१९च्या पुराची खूण भिंतीवर कुठे आहे ते पाहून त्याच्या वरच जागा ठरवा.

नेट मीटर बसेपर्यंत बाहेर गेलेले युनिट बिलात धरले जात नाहीत, म्हणून शेवटचा हप्ता मीटर लागल्यावरच द्या. पुढे दर महिन्याला बिलातले आयात-निर्यात आकडे मीटरशी जुळवा. स्थिर आकार भरावाच लागतो. शिल्लक युनिट ३१ मार्चपर्यंतच पुढे जातात आणि उरलेल्यांना घरगुती दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. त्यामुळे महिन्याला २०० युनिटच्या आत वापर असेल, तर २ किलोवॅटच घ्या.